भिगवणला फ्लायवर मरळ: एप्रिलमधली एक सकाळ

हडपसरहून पहाटे साडेतीनला निघालं की सोलापूर रस्त्याने उजाडायच्या आत उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगाव-डिकसळच्या काठाला पोचता येतं. एवढं लवकर जावंच लागतं. उन्हं तापली की वारा सुटतो आणि पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी आणि ओढल्यावर आवाज करणारी फ्लाय (गळावर बांधलेलं नकली आमिष), हवा तिथे पडत नाही.

अमेरिकेतला बास मासा इथे नाही, पण झाडोऱ्याच्या कडेला दबा धरून वरच्या वर झडप घालायचं त्याचं काम मरळ करते. त्यामुळे बासचीच सामग्री चालते: नऊ फुटी, आठ नंबरचा (नंबर जितका मोठा तितका रॉड दणकट) रॉड आणि तरंगती लाईन. लाईन मात्र उष्ण हवामानासाठी बनवलेलीच घ्या. थंड पाण्याची लाईन एप्रिलच्या उन्हात मऊ पडते, रॉडच्या रिंगांना चिकटते आणि दहा मीटरच्या पुढे जातच नाही. आमच्यातल्या एकाची सकाळ यातच गेली. लीडर (लाईन आणि फ्लायमधला बारीक नायलॉनचा दोरा) सात फुटी, शेवटचे दोन फूट ०.३५ मिमीचे. पॉपर दोन नंबरच्या गळावर, पुढे ०.४५ मिमी नायलॉनचा अडसर. तो नसेल तर दर तिसऱ्या फेकीला जलपर्णी ओढून आणाल.

काठावरच्या मच्छीमारांना आधी विचारा. थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की खाली जाळं आहे, तिथून लांब व्हा. एप्रिलमध्ये पाणी मागे सरकतं आणि उघडा पडलेला काळा गाळ वरून सुकलेला दिसला तरी गुडघाभर आत घेतो. मागे बेशरमीची झुडपं आणि वेड्या बाभळी असतात. बॅककास्ट, म्हणजे फेकीआधी मागे जाणारी लाईन, उंच ठेवा.

मरळ हवा घ्यायला वर येते. पाणी हलकेच फुगतं, ‘बुळुक्’ असा आवाज होतो, चार बुडबुडे उठतात. डोक्यावर पॉपर टाकला तर ती पळते. मीटरभर पलीकडे टाका, वर्तुळं विरेपर्यंत थांबा, मग दोन छोटे झटके आणि पुन्हा थांबा. बहुतेक झडप त्या थांबण्यातच येते.

इथेच मासे सुटतात. पाणी उडालेलं दिसलं की हात आपोआप रॉड वर उचलतो आणि पॉपर तिच्या तोंडातून निघून येतो. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवा, लाईन ताणलेली हाताला जाणवू द्या, मग डाव्या हाताने लाईन जोरात मागे खेचा. जबडा हाडाचा असतो; गळ कानसेने घासून आणा.

पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका खदखदताना दिसला तर तिथे फेकू नका. खाली आईबाप राखण करत असतात, ते चिडून हमखास घेतात. त्यांना उचललं की पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात.

वारा सुटल्यावर चिलापीसाठी पाच नंबरचा रॉड आणि बारा नंबरच्या गळावरची हिरवी निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी फ्लाय) पुरते.

घरी आल्यावर लाईन कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने पुसा. शेवाळाचा थर राहिला तर पुढच्या खेपेला टोक बुडतं.