पावाला उकड

शनिवार, रात्री

आजचा पाव मधोमध खचला नाही. कधीचा हाच वैताग चालला होता.

लेकीला सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे चिकट प्रथिन अजिबात न चालणारा आजार, निघाल्यापासून घरातून गहू गेला. आंबवलेला गव्हाचा पाव चालतो, असं सांगणारे अजून भेटतात. नाही चालत. आंबवल्याने ग्लूटेन थोडंफार तुटतं, संपत नाही. कोपऱ्यावरची गिरणीही बंद, कारण आपल्या ज्वारीच्या आधी तिथे कुणाचा तरी गहू दळलेला असतोच. म्हणून घरघंटी घेतली. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात ‘गव्हाचं पीठ’ लिहिलेलं असतं, तेही तेव्हाच पाहिलं.

माझा स्टार्टर, म्हणजे पाव फुगवायला आंबवून ठेवलेलं पीठ, ज्वारीचा. त्याच्याबद्दल तक्रार नाही, पुण्याच्या या उकाड्यात तर दुपारपर्यंत बरणीच्या काठाला येतो. घोडं अडायचं ते आतल्या गाभ्याशी: वरून खरपूस, बुडाला ओलसर चिकट थर. मी सुरी पुसत बसलेली पाहून परवा सासूबाई म्हणाल्या, “अगं, भाकरीला उकड काढतेस ना? मग याला का नको?”

आज काढली. 160 ग्रॅम ज्वारीच्या पिठातलं 60 ग्रॅम, 200 मिली उकळत्या पाण्यात घोटून झाकून ठेवलं. पीठ असं आधी शिजलं की पाणी धरून ठेवतं, मग ते भट्टीत खाली उतरून बसत नाही. दुसऱ्या भांड्यात 20 ग्रॅम इसबगोल आणि 230 मिली पाणी. हे झरझर फेटावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात. दोन मिनिटांत चमचा उभा राहील इतकं घट्ट. ग्लूटेनचं काम हाच करतो. आपल्याकडे त्याला फक्त पोट साफ करायला कामाला लावलंय, बिचारा! उकड कोमट झाल्यावर उरलेली ज्वारी, 120 ग्रॅम तांदळाचं पीठ, 80 साबुदाण्याचं, 40 नाचणीचं, 9 ग्रॅम मीठ आणि वाटीभर स्टार्टर. मळणं असं नाहीच. कालवायचं आणि ओल्या हाताने थेट टिनमध्ये थापायचं.

दीडपट फुगला की लगेच भट्टीत. दुप्पट व्हायची वाट पाहिली की बसलाच म्हणून समजा, कारण फुगलेलं पेलून धरायला इथे ग्लूटेन नाही. 220 अंशांवर 50 मिनिटं, पहिली 25 फॉइल झाकून. गाभ्याचं तापमान 97 अंश आलं तेव्हा काढला.

मग चार तास हात लावायचा नाही. यावर लेकीशी भांडण ठरलेलं. पण गरम पाव कापला की आतला स्टार्च अजून पक्का झालेला नसतो, चांगला भाजलेला पावही कच्चा वाटतो.

कापला तेव्हा सुरीला पुसट रेघ, बस. जाळी बारीक, ढोकळ्यासारखी. फोटोतल्यासारखी मोठी भोकं मला नकोच आहेत, त्यातून लोणी गळतं.

हा उद्यापर्यंत कोरडा पडेल, म्हणून निम्म्याचे काप करून फ्रीझरमध्ये टाकलेत. सकाळी तव्यावर तुपात. पुढच्या वेळी नाचणीऐवजी वरीचं पीठ घेणार. सासूबाईंना तो काळपट रंग आवडत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही.