पाळणा बंद आहे

'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन' चित्रपटात वॉली वर्ल्ड या करमणूक पार्कच्या पार्किंगमध्ये क्लार्क ग्रिसवोल्ड गाडी मुद्दाम लांबच्या कोपऱ्यात लावतो. संध्याकाळी सगळे एकदम निघतील तेव्हा आपण पहिले बाहेर पडू, असा त्याचा हिशेब. हिशेब चोख आहे, फक्त अख्ख्या मैदानात दुसरी एकही गाडी नाही. शिकागोहून निघून निम्म्याहून जास्त अमेरिका तुडवत कॅलिफोर्नियाला आलेल्या माणसाला हे खटकत नाही. प्रेक्षकाला खटकतं आणि तो तिथूनच हसायला लागतो. मग आई-बाप आणि दोन मुलं संथगतीने फाटकाकडे धावतात, मागे 'चॅरियट्स ऑफ फायर' या धावपटूंवरच्या चित्रपटाचं संगीत. फाटकावरचा बोलका मूस, म्हणजे मोठ्या शिंगांच्या हरणाचा पुतळा, सांगतो, पार्क बंद आहे. साफसफाई आणि दुरुस्ती, दोन आठवडे.

हा 1983 सालचा चित्रपट प्रदर्शनाआधी चाचणीसाठी दाखवला, तेव्हा इथपर्यंत लोक पोट धरून हसत होते. त्यानंतर हॉलमधलं हसू आटलं. मूळ शेवटात क्लार्क छर्ऱ्यांची बंदूक घेऊन पार्कचा मालक रॉय वॉली याच्या घरी धडकतो आणि त्याला व त्याच्या अधिकाऱ्यांना बंदुकीच्या धाकावर गायला-नाचायला लावतो. सूड पुरेपूर, पण पार्कमधल्या पाळण्यात, म्हणजे रोलरकोस्टरमध्ये, बसणं राहून जातं. पंढरपूरला गर्दीत अडकलेला वारकरी कळसाला हात जोडून समाधानाने परततो. या प्रेक्षकांना कळस नको होता, त्यांना पाळणा हवा होता.

चूक कुठे झाली ते मूळ कथा पाहिली की कळतं. जॉन ह्यूज यांची कथा 1979 साली 'नॅशनल लॅम्पून' मासिकात आली. ती मुलगा सांगतो, ठिकाण खरंखुरं डिस्नेलँड आहे आणि वैतागलेला बाप थेट वॉल्ट डिस्नेच्या पायात गोळी घालतो. कागदावर हे चालतं, कारण तिथे मुलगा आपल्या बापाची फजिती सांगतोय आणि गोळीपेक्षा मोठी फजिती ती कोणती! पडद्यावर मात्र आपण दीड तास त्याच गाडीत मागच्या सीटवर बसलेले असतो. घरच्या कॉम्प्युटरवर आखलेला रस्ता आपण पाहिलेला असतो, गाडीतली गाणी सोसलेली असतात. एवढं करून बापाचा राग शांत झाला म्हणून मागच्या सीटवरची पोरं शांत होत नाहीत.

आणि काय काय सोसलेलं असतं! क्लार्कने मागवलेली गाडी निळी आणि ऐटबाज. हातात पडते वाटाणी रंगाची, नकली लाकडाचे पत्रे चिकटवलेली, पुढे आठ दिवे असलेली. नको म्हणावं, तर बदल्यात दिलेली जुनी गाडी चेपून चपटी झालेली. फोर्डच्या खऱ्या स्टेशन वॅगनला विद्रूप करून बनवलेली ही गाडी म्हणजे त्या काळच्या अमेरिकी गाड्यांवरची सर्वांत नेमकी टीका. ती पहिल्या पंधरा मिनिटांत येते आणि पुढच्या प्रत्येक फजितीला फुकटात हातभार लावते. विनोदी लेखनाचा अभ्यास करणाऱ्याने आधी तिच्याकडे बघावं.

कुत्र्याचा प्रसंग अजून वाद घालायला लावतो. वाटेत गाडीत घेतलेल्या एडनामावशीचा कुत्रा बंपरला बांधलेला, क्लार्क विसरतो आणि गाडी सुरू करतो. इतकं क्रूर असूनही लोक हसतात. कारणं तीन. कुत्रा आधीच चावरा आणि कटकट्या दाखवलाय. मरण पडद्यावर दिसत नाही, दिसतो तो फक्त पट्टा. आणि अडवणारा पोलीसच गहिवरतो. दुःख करायचं काम त्याने अंगावर घेतल्यावर आपण मोकळे. यातलं एक जरी काढलं तरी प्रसंग हातात मरतो. पुढे मावशीही जाते आणि गाडीच्या टपावर बांधून तिचा उरलेला प्रवास होतो. मावशीच्या भूमिकेत इमोजीन कोका, 1950च्या दशकातल्या टीव्हीवरच्या नावाजलेल्या विनोदी अभिनेत्री. त्यांनी मावशीला इतकं तुसडं केलंय की पावसात उरकलेली क्लार्कची प्रार्थनासुद्धा जास्तच वाटते.

सेंट लुईसच्या प्रसंगाला मात्र ही सवलत नाही. चुकून कृष्णवर्णीयांच्या वस्तीत शिरलेलं कुटुंब आणि गाडीच्या चाकांवरच्या टोप्यांची चोरी, यातला विनोद वस्तीच्या भीतीवर उभा आहे आणि आज तो आंबलेल्या डाळीसारखा लागतो. दिग्दर्शक हॅरल्ड रॅमिस यांनीही पुढे त्याबद्दल खंत बोलून दाखवली. 'कुटुंबाला घेऊन बघावा' म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की याला अमेरिकेत आर प्रमाणपत्र होतं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना सोबत मोठं माणूस हवं. पीजी आणि आर यांच्या मधलं, तेरा वर्षांखालच्यांसाठी पालकांना सावध करणारं पीजी-13 तेव्हा नव्हतंच, ते 1984 साली आलं.

उलट ग्रँड कॅनियनचे काही सेकंद जराही शिळे झालेले नाहीत. क्लार्क बायकोशेजारी उभा राहतो, दरीकडे बघून दोन-चार वेळा मान डोलावतो आणि चालू पडतो. हॉटेलच्या गल्ल्यातून न विचारता उचललेले पैसे त्याच्या खिशात आहेत, त्यामुळे घाई. पण खिसा रिकामा असता तरी तो याहून फार वेळ थांबला नसता, असं वाटतं.

तर नवा शेवट. ह्यूज यांनी तो पुन्हा लिहिला, काही महिन्यांनी चित्रीकरण झालं. यात क्लार्क जॉन कँडी यांच्या भित्र्या रखवालदाराला धाक दाखवून पार्क उघडायला लावतो, सगळे पाळण्यांत बसतात, मग पोलीस आणि रॉय वॉली येतात. वॉलीला स्वतःच्या कौटुंबिक सहली आठवतात आणि तो तक्रार सोडून देतो. पटकथा म्हणून ही सरळसरळ तडजोड आहे. सूड बोथट झाला, कथेचा दंश गेला. तरी प्रेक्षकांचंच बरोबर होतं; कँडी किंचाळत पाळण्यातून खाली येतात तेव्हा दीड तासाची उधारी फिटते.

जोड मात्र लपलेला नाही. क्लार्कचा मुलगा रस्टी झालेला अँथनी मायकल हॉल त्या काही महिन्यांत ताडमाड वाढला. फाटकाकडे धावणारा रस्टी आणि पाळण्यातून उतरलेला रस्टी बहिणीशेजारी ठेवून बघा. पुढच्या भागांत दोन्ही मुलांचे नटच दरवेळी बदलले, ती भानगड वेगळीच.

धावण्याचा तो प्रसंग सँटा अनिताच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या पार्किंगमधला, पाळणे कॅलिफोर्नियातल्याच व्हॅलेन्सियाच्या मॅजिक माउंटन पार्कमधले. त्यातला रिव्होल्यूशन 1976चा, उभं वर्तुळ घेणारा पहिला आधुनिक रोलरकोस्टर. दुसरा कोलोसस, लाकडी. तो 2014 साली बंद करून जुन्या सांगाड्यावर पोलादी रूळ टाकले आणि पुढच्या वर्षी नव्या नावाने सुरू केला. त्यामुळे चित्रपट बघून कोणी इतक्या लांब गेलाच, तर क्लार्क बसला तो लाकडी पाळणा त्यालाही बंदच मिळणार.