रूळ हलत नाहीत म्हणूनच

ट्रामविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा की, बसचा मार्ग हवा तेव्हा बदलता येतो, रूळ मात्र एकदा टाकले की टाकले. आक्षेप खरा आहे; पण माझ्या मते ट्रामचा आर्थिक फायदा नेमका या अडचणीतूनच निघतो. बसथांब्याची पाटी रातोरात हलू शकते, त्यामुळे तिच्या भरवशावर कोणी इमारत बांधत नाही. रस्त्यात रूळ आणि वर विजेची तार दिसली की मात्र पुढली कित्येक वर्षे येथे गाडी येणार, असा हिशेब जागामालक मांडू लागतात. अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये 2001 साली ट्राम सुरू झाली, तेव्हा मार्गालगतच्या मालमत्ताधारकांनी खर्चाचा काही भाग स्वतः उचलला, आणि जुन्या रेल्वे यार्डांच्या व गोदामांच्या जागी पर्ल डिस्ट्रिक्टची दाट वस्ती उभी राहिली. अर्थात, बदललेल्या बांधकाम नियमांना विसरून सारे श्रेय ट्रामला देणे भाबडेपणाचे ठरेल.

पर्यावरणाचा फायदा समजून घ्यायचा तर चाकाखाली पाहावे. पोलादी चाक रुळाला जेमतेम नखाएवढ्या जागेत टेकते आणि रबरी टायरसारखे दबत नाही. म्हणून तेवढेच वजन ओढायला शक्ती पुष्कळच कमी लागते. ब्रेक लावताना मोटरच जनित्राचे काम करते आणि निर्माण झालेली वीज तारेत परत पाठवता येते. टायर झिजून उडणारी धूळ विजेवरच्या मोटारींनाही चुकलेली नाही. पोलादी चाकांच्या ट्रामला मात्र टायरच नसतात. वीज कोळशाची असेल तर धूर शहराबाहेर जातो, नाहीसा होत नाही, हेही सांगायला हवे.

फ्रान्समधील स्ट्रासबुर्गमध्ये भुयारी रेल्वे की ट्राम, हा 1989 च्या पालिका निवडणुकीचाच मुद्दा झाला होता. कात्रीन त्रोटमान महापौर झाल्या, 1994 मध्ये ट्राम धावू लागली आणि याच योजनेत शहराच्या मध्यातून आरपार जाणारी मोटारींची वाट बंद झाली. रुळांमध्ये जागोजागी हिरवळ लावली गेली. ती पावसाचे पाणी मुरवते आणि चाकांचा खडखडाटही दबवते. मोटारींकडून रस्ता काढून घेण्याची ही तयारी मला रुळांपेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण मोटारींच्याच रांगेत धावणाऱ्या ट्रामला वाटेत वेडीवाकडी उभी केलेली एक गाडीही अडवून धरते, आणि बस निदान वळसा घालून पुढे तरी जाते.