सोळा मीटरमध्ये दहा फेऱ्या

माझी १९५१ ची शेवरले ३१००, म्हणजे अर्ध्या टनाची पिकअप, बऱ्याच खटपटीनंतर गेल्या हिवाळ्यात रस्त्यावर आली. कात्रज ओलांडून साताऱ्याच्या दिशेने जाताना पुतण्याच्या मोबाइलवर ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३७ मैल वेग दिसत होता; स्पीडोमीटरच्या मैलांच्या तबकडीवरचा काटा मात्र ३२ च्या पुढे सरकायला तयार नव्हता. मिस्त्रींनी दोन मिनिटांचा उपाय सुचवला: काटा उपसायचा आणि पाच मैल पुढे बसवायचा.

मी नको म्हणालो. चूक ठरावीक पाच मैलांची नव्हती, वेगाच्या प्रमाणात वाढणारी होती, त्यामुळे पुढे बसवलेला काटा एकाच वेगाला खरा आणि इतर सर्व वेगांना खोटा ठरला असता. शिवाय या मीटरमध्ये काटा चुंबकाच्या ओढीवर फिरतो (गिअरबॉक्समधून येणारी फिरती केबल चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमची वाटी ओढते आणि बारीक स्प्रिंग तिला आवरते), तर अंतराचे आकडे त्याच केबलवर थेट दातांनी चालतात. काटा हलवला तरी आकडे मैल खातच राहिले असते.

केबलच्या किती फेऱ्यांना एक मैल धरायचा, हे मीटर बनवतानाच ठरलेले असते. अमेरिकी गाड्यांत हा आकडा सहसा १,००० असतो; म्हणजे एका मैलाच्या शंभराव्या भागात, १६ मीटर ९ सेंटिमीटरमध्ये, केबल बरोबर दहा वेळा फिरली पाहिजे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने तेवढे अंतर आखले, केबल मीटरपासून सोडवली, तिच्या चौकोनी टोकाला कागदाचा झेंडा चिकटवला आणि दोघांनी पिकअप ढकलली. झेंडा साडेआठ फेऱ्या पूर्ण करून जेमतेम पुढे गेला. या मोजणीची खुबी अशी, की टायर किती झिजला आहे आणि वजनाने किती दबला आहे, याचा हिशेब तीत आपोआप येतो.

टायर मूळ मापाचेच, ६.००-१६ होते, म्हणून संशय मागच्या ॲक्सलवर गेला: केबल गिअरबॉक्समधून फिरते, तर चाके ॲक्सलमधल्या गिअरांमार्फत, आणि ते गिअर बदलले की दोघांचा मेळ बिघडतो. या मॉडेलचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) नळीत बंद असतो आणि त्यावर खूण करता येत नाही. पण टॉप गिअरमध्ये शाफ्ट आणि इंजिन एकास एक फिरतात. प्लग काढले, एक मागचे चाक जमिनीवर ठेवून दुसरे उचलले, आणि उचललेल्या चाकाच्या वीस फेऱ्यांना क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाचे चाक, किती फिरते ते मोजले. दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या डिफरेन्शिअलमुळे या वीस फेऱ्या क्राउनच्या, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरच्या, दहाच होतात. मूळच्या ४.११ च्या ॲक्सलवर (क्राउनच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.११ फेऱ्या) पुली ४१ वेळा फिरायला हवी होती. ती साडेपस्तीस वेळा फिरली. कोणा आधीच्या मालकाने हमरस्त्यावर इंजिन शांत चालावे म्हणून ३.५५ चे क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरांची जोडी) बसवले होते आणि मीटरच्या गिअरला हात लावला नव्हता. बदल शहाणपणाचा होता, अर्धवट सोडला एवढेच.

गिअरबॉक्समधला मीटरचा छोटा गिअर २१ दातांचा निघाला. हिशेबाने तेथे १८ दातांचा हवा होता, पण तीन दात कमी झाल्यावर गिअरचा व्यास घटतो आणि त्याच भोकात बसवल्यास तो समोरच्या गिअरला नीट भिडत नाही. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांतही उपयोगाचे काही मिळाले नाही, म्हणून गिअरबॉक्स आणि केबल यांच्यामध्ये बसणारी एक डबी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली: गिअरबॉक्सकडे २२ दात, केबलकडे १९. साडेआठाच्या किंचित वरचा आकडा त्याने जवळजवळ दहावर येतो.

पहिल्याच चाचणीत काटा शून्याच्या खिळीला जाऊन टेकला आणि अंतराचे आकडे उलटे फिरू लागले. दोन गिअर एकमेकांना भिडले की दुसरा उलट्या दिशेने फिरतो, ही शाळेतली गोष्ट ना माझ्या लक्षात आली होती, ना डबी करणाऱ्याच्या. मध्ये तिसरा गिअर घालून डबी पुन्हा करावी लागली. त्याचे दात कितीही असले तरी गुणोत्तर बदलत नाही, दिशा तेवढी सुधारते.

आता जुन्या मुंबई रस्त्यावर मोबाइलच्या ६० किलोमीटरला काटा ३७ वर उभा राहतो आणि सोळा किलोमीटरच्या दगडांमागे दहा मैल पडतात. पंधरा मैलांखाली तो अजून थरथरतो. पण तो दोष गुणोत्तराचा नाही, केबलला पत्र्यातून आत येताना पडलेल्या बाकाचा आहे.