मलावीच्या टाकीत तळाला कोण ठेवायचं?

फोंड्याला आमच्या हॉलमध्ये चार फुटी टाकी आहे, साधारण अडीचशे लिटरची, आणि तिच्यात सगळे आफ्रिकेतल्या मलावी लेकचे सिक्लिड्स (रंगीत, भांडखोर मासे), इलेक्ट्रिक यलो, रेड झेब्रा आणि थोडे डेमासोनी. ही टाकी बघून लोक मला हमखास विचारतात की तळाला कुठला मासा टाकू, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

मी पहिली चूक केली ती कोरीची, म्हणजे तळाला फिरणाऱ्या छोट्या मिशीवाल्या कॅटफिशची. दुकानात म्हणाले खाली पडलेलं सगळं साफ करतात, मी चार आणल्या. कोरी मधेच हवा घ्यायला सरळ वर येते, आणि वर जाऊन परत खाली येईपर्यंत झेब्रा तिच्या मागे. तिसऱ्या दिवशी सकाळी एक दगडाखाली सापडली, शेपटीचं पर पार कुरतडलेलं, मिशा नुसत्या खुंटासारख्या राहिलेल्या, आणि तरी श्वास चालू होता. ते बघून फार वाईट वाटलं. उरलेल्या तीन मित्राच्या टाकीत दिल्या. दोष झेब्राचा नाही, कोरी दक्षिण अमेरिकेची, मऊ पाण्यातली, गरीब स्वभावाची, तिला इथे आणलंच चुकीचं. क्लाऊन लोच हा तळाचा मासाही असाच मऊ पाण्यातला, शिवाय तो फूटभर होतो.

सकर, म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा प्लेको, तर नकोच. दोन इंचाचा गोड दिसतो, पण फुटापेक्षा मोठा होतो आणि जेवढं खातो त्याहून जास्त घाण करतो, आणि माशांची विष्ठा कुठलाच मासा खात नाही, ती सायफननेच काढायची. मोठा झाला म्हणून व्हाळात किंवा नदीत तर अजिबात सोडू नका, आपल्या देशात कितीतरी ठिकाणी तो असाच पसरलाय आणि तिथल्या माशांच्या जिवावर उठलाय. शेवाळासाठी कुणी पाहिजेच असेल तर ब्रिसलनोज हा छोटा सकर घ्या, पाच इंचाच्या आसपास थांबतो, चिवट असतो, लपायला लाकूड किंवा गुहा मात्र द्यायची.

माझं मत विचाराल तर सिनोडोन्टिसच, म्हणजे आफ्रिकेतले कॅटफिश. मलावीचा स्वतःचा सिनोडोन्टिस न्जासे आहे पण आपल्याकडे सहज मिळत नाही. मिळतो तो आफ्रिकेतल्याच टांगानिका लेकचा पेट्रिकोला (या नावाने विकतात ते बहुतेक लुसिपिनिस असतात, त्याने काही बिघडत नाही), चार इंचापर्यंत राहतो, अंगावर काळे ठिपके, परांना पांढरी किनार. कडक आल्कलाइन पाणी दोघांनाही चालतं, अंग मजबूत, त्यामुळे म्बुना (मलावीचे दगडांत राहणारे सिक्लिड, माझ्या टाकीतले तेच) त्याच्या नादी लागत नाहीत. एकटा आणलात तर दिवसभर दगडामागे बसून राहील, पाच-सहा एकदम आणा. मल्टीपंक्टेटस म्हणजे कुकू कॅटफिश पण छान, फक्त सिक्लिडची पिल्लं वाढवायची असतील तर विचार करा, कारण सिक्लिड अंडी उबवायला तोंडात घेत असतानाच तो आपली अंडी त्यात घुसवतो, त्याची पिल्लं आधी फुटतात आणि आईच्या तोंडातच सिक्लिडची पिल्लं खातात, अगदी कोकिळेसारखं.

आपल्याकडे खरा प्रश्न पाण्याचा. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि आंबट, आमच्या विहिरीचं पीएच 6.4 निघालं, मलावीला 7.8 ते 8.6 पाहिजे. मी तिसऱ्यांची शिंपलं उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवली, हळूहळू 7.8 वर आलं. चिऱ्याचे तुकडे डेकोरेशनला टाकू नका, पाण्याचा कडकपणा वाढवायला त्यांचा काहीच उपयोग नाही. तळाला बारीक रेती, धारदार खडी असेल तर मिशा झिजतात.

सिनोडोन्टिसला खायला लाइट बंद केल्यावर अर्ध्या तासाने, बुडणाऱ्या गोळ्या. आधी टाकल्या तर त्या कोळंबीवाल्या गोळ्या म्बुना हादडतात, आणि त्यांना शेवाळाचं खाणं लागतं, असलं जास्त झालं की ब्लोट होऊन, म्हणजे पोट फुगून, मरतात.

आणि सिनो जाळीने कधीच पकडू नका. आईने पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाली, अरे हा तर आपला शिंगाळाच, काटा सांभाळ! बरोबर होतं तिचं, बाजूच्या परांचे काटे ताठ करून तो जाळीत असा अडकला की शेवटी कात्रीने जाळी कापून सोडवावा लागला. तेव्हापासून प्लास्टिकचा डबाच वापरतो, तोंडासमोर आडवा धरायचा आणि मागून हाताने हळूच ढकलायचा.