मेंदूचा स्कॅन आणि हातातली प्लेट: माझा अनुभव

अवघड बौद्धिक काम करताना मेंदूतील जाळ्यांचे, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या भागांच्या गटांचे, कार्य कसे बदलते, याचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधनात मी अलीकडेच स्वयंसेवक म्हणून भाग घेतला. संशोधन नवी मुंबईत चालू होते आणि मी ठाण्याची. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमुळे जाण्यायेण्याची अडचण नव्हती, आणि संमतीपत्रही मराठीत मिळाले. सारे अडले ते एका कागदापाशी, आणि त्याचा राग अजून ओसरलेला नसल्यामुळे आधी त्याविषयीच लिहिते.

स्कॅनपूर्वीच्या प्रश्नावलीत शरीरात कुठे धातू आहे का, असे विचारलेले असते. दोन वर्षांपूर्वी ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात माझ्या मोडलेल्या हातात प्लेट बसवली होती, तशी नोंद मी केली. समन्वयक मॅडमनी लगेच विचारले, "काकू, प्लेट टायटॅनियमची की स्टीलची? कंपनी कोणती?" माझ्या डिस्चार्ज कार्डावर 'प्लेट व स्क्रू बसवले' याखेरीज काहीच नव्हते. हा स्कॅन एमआरआय यंत्रात होतो, आणि ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) अशा यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ६०,००० पट असते. हाडात बसवलेल्या आजच्या बहुतेक प्लेट त्याकडे ओढल्या जात नाहीत, परंतु यंत्रातील रेडिओ लहरींनी धातू तापू शकतो, आणि धातू नेमका कोणता हे एक्स-रे पाहून खात्रीने सांगता येत नाही. आजारी माणसाच्या बाबतीत डॉक्टर धोका आणि लाभ तोलून पाहतात; निरोगी स्वयंसेवकाला स्कॅनपासून कोणताच लाभ नसल्यामुळे त्याच्या बाबतीत शंकेला जागा ठेवायची नाही, ही संशोधकांची भूमिका मला पूर्णपणे पटली.

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाची वागणूक मात्र अजूनही पटत नाही. पहिल्यांदा सांगितले की जुने केसपेपर गोदामात असतात, नंतर या. नंतर गेले तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, आणि ते डॉक्टर तोवर ते रुग्णालय सोडून गेले होते. पुढे कधी सर्व्हर बंद, कधी संबंधित ताई रजेवर. नकार कोणीच दिला नाही आणि कागदही कोणी दिला नाही. दरम्यान माझी स्कॅनची ठरलेली वेळ पुढे ढकलावी लागली. ज्या वस्तूचे पैसे मी भरले आणि जी माझ्या हाडात आहे, ती कशाची आहे हे जाणून घेण्यासाठी मला विनवण्या का कराव्या लागाव्यात?

काम झाले ते लेखी अर्जाने. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावेत आणि रुग्णाने मागितल्यास ते ७२ तासांत द्यावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याचा उल्लेख करून मी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज दिला आणि प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. त्यानंतर केसपेपर निघाले, आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीवर चिकटवलेल्या छोट्या स्टिकरवर उत्पादक, बॅच क्रमांक आणि 'टायटॅनियम' हे सारे छापलेले होते. ज्यांच्या घरी कोणाची अशी शस्त्रक्रिया होणार असेल त्यांनी घरी सोडण्यापूर्वीच त्या स्टिकरचा फोटो मागून घ्यावा.

प्रत्यक्ष स्कॅन सुरळीत झाला. आधी काही न करता पडून राहायचे होते. तेव्हाही मेंदू स्वस्थ नसतो: शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि अवघड कामाने त्यात पडणारी भर फारच थोडी असते. बदलते ती मेंदूच्या भागांमधली कामाची वाटणी. २००१ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी ज्याला डिफॉल्ट मोड म्हटले, ते जाळे आपण स्वतःशी विचार करत असताना, मागचे आठवताना सक्रिय असते. त्या मिनिटांत माझ्या मनात रेकॉर्ड विभागाची खिडकीच येत राहिली. मग पडद्यावर एकेक अक्षर येऊ लागले, आणि दोन अक्षरांपूर्वी तेच आले असेल तर बटण दाबायचे होते; पुढच्या फेरीत तीन अक्षरांपूर्वीचे. अशा वेळी कपाळामागच्या आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूच्या भागांचे जाळे जोर धरते, डिफॉल्ट मोडचे मंदावते, आणि भार वाढेल तसे हे मंदावणे सहसा अधिक खोल होते. तीनच्या फेरीत क्षणभर दुसरा विचार आला तरी अक्षर निसटत होते, म्हणून शेवटपर्यंत टिकले याचा मला अभिमान वाटतो.

यंत्र चेतापेशींचे काम थेट मोजत नाही. रक्तातील ऑक्सिजनबरोबर बदलणारा संकेत मोजते, आणि तो कामामागून पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. एका माणसाच्या नोंदीत कामाशी संबंध नसलेले चढउतारही बरेच असतात, त्यामुळे निष्कर्ष अनेकांच्या सरासरीवरून काढतात आणि वैयक्तिक अहवाल मला मिळणार नाही, हे मॅडमनी आधीच सांगितले होते. चहा-कॉफीबद्दलही आधी विचारून घ्यावे, कारण कॅफीनमुळे मेंदूतील रक्तप्रवाह कमी होतो. चष्मा आत नेता येत नाही. तेव्हा नाव नोंदवतानाच आपला नंबर कळवावा, म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीतील भिंगांची सोय त्यांना वेळेत करता येते.