शिरोड्याचं मीठ आणि सेरेसवरचे पांढरे डाग

शिरोड्याला बहुतेक लोक वेळागरच्या किनाऱ्यासाठी जातात. मी गेलो मिठागरं बघायला. आरवलीला वेतोबाच्या पाया पडलो आणि भर दुपारी मिठागरावर पोचलो. मे १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तेच हे शिरोडा.

खाडीचं पाणी भरतीला आत घेतात आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडत नेतात. ऊन-वाऱ्यानं ते दाट होत जातं. एका कप्प्यापाशी उकिडवा बसलो. कडेला पाण्यावर साय धरावी तसा पातळ पापुद्रा आला होता. बोट लावलं तर मोडला आणि तुकडे तळाशी गेले. तळाला दाणे आधीच जमले होते, चौकोनी, कडा स्पष्ट दिसाव्यात इतके मोठे. बांधावर मीठ ओढणाऱ्या आजी म्हणाल्या, ‘‘पाणी उडान जाता, मीठ रवता. आमी काय करतो? नुसता ओढतो.’’

काळ्या चिखलावरचा तो पांढरा ढीग बघताना मला सेरेस आठवत होता. २०१५च्या फेब्रुवारीत नासाचं ‘डॉन’ यान या बटुग्रहाच्या जवळ जात होतं, तेव्हा फोटोंत एका विवरात शेजारीशेजारी दोन लखलखीत ठिपके दिसले. बाकी सगळा गोल काळपट. बर्फ असेल का, यावर तेव्हा किती चर्चा झाली! ६ मार्चला यान कक्षेत शिरलं. त्याआधी ते वेस्टा या लघुग्रहाभोवती वर्षभराहून जास्त फिरून आलं होतं. पृथ्वीबाहेरच्या दोन गोलांभोवती फिरलेलं ते पहिलंच यान. झेनॉन वायूचे विद्युतभारित कण मागे फेकणाऱ्या आयन इंजिनांचा रेटा अगदी हलका, पण तो वर्षानुवर्षं देता येतो, म्हणूनच हे जमलं.

ते ठिपके ऑकेटर विवरातले. विवर सुमारे ९२ किलोमीटर रुंद. यानाच्या वर्णपटमापकानं, म्हणजे प्रकाशावरून पदार्थ ओळखणाऱ्या उपकरणानं सांगितलं, की तो पांढरा थर मुख्यतः सोडियम कार्बोनेटचा, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा आहे. खारं पाणी खालून वर आलं, हवा नसलेल्या त्या पृष्ठभागावर पाणी उडून गेलं आणि क्षार राहिले. आजींचं वाक्य तिथंही जसंच्या तसं लागू पडतं. फरक एवढाच, की तिथलं पाणी भरतीनं येत नाही, जमिनीच्या पोटातून येतं.

२०१८मध्ये यान पृष्ठभागापासून फक्त ३५ किलोमीटरवर उतरलं होतं. त्या जवळच्या निरीक्षणांवरून २०२०मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. तिथं साधं मीठही आहे आणि त्याच्या स्फटिकांत अजून पाणी अडकलेलं आहे. असं मीठ उघड्यावर फार काळ टिकत नाही, लवकर कोरडं पडतं. याचा अर्थ खारं पाणी हल्लीच वर आलं असणार, आणि खाली ते अजून शिल्लक असणार. मंगळ-गुरूच्या मधल्या, जेमतेम ९४० किलोमीटर व्यासाच्या गोलात! हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

ऑक्टोबर २०१८च्या अखेरीस यानाची दिशा सांभाळायचं इंधन, हायड्राझिन, संपलं आणि यान गप्प झालं. त्याला खाली पाडलं नाही, मुद्दाम कक्षेतच ठेवलं. पृथ्वीवरचे जंतू त्या मिठापर्यंत पोचू नयेत म्हणून. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. पुढचं यान स्वच्छ होऊन तिथं उतरावं आणि ते मीठ इथं आणावं, अशी मनापासून इच्छा आहे.

शिरोड्याला जाणार असाल तर मार्च-एप्रिलात जा, पावसाळ्यात मिठागरं बंद असतात. टोपी आणि प्यायचं पाणी सोबत ठेवा, बांधावर सावली कुठंच नाही.